मोठ्या टोपातली ऊब

मी रीटाबाईंचा मोठा टोप बोलतोय. एरवी माझा आवाज म्हणजे डाव आपटल्याचा खणखणाट. पण ही गोष्ट मला नीट सांगायची आहे, कारण ती ज्यांची आहे ते तात्या आता नाहीत.

मी जाड जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा. शंभर माणसांचं कालवण मावेल एवढं माझं पोट. रीटाबाई आणि त्यांचे यजमान वॉल्टर मला वसईच्या बाजारातून घेऊन आले. वॉल्टरनी बुडावर बोटांनी टकटक केलं आणि म्हणाले, "हा बघ. सकाळचं कालवण दुपार टळली तरी गरम ठेवील." ते ऐकून मी मनातल्या मनात फुगलो. आज तेच आठवलं की लाज वाटते.

गिरीजला केळीच्या वाडीत त्यांचं घर. मागच्या पडवीत रीटाबाई ऑर्डरचा स्वयंपाक करायच्या. बाप्तिस्मा, साखरपुडा, वाढदिवस. बाई स्वच्छ. कच्च्या कोंबडीची सुरी वेगळी, भाजीची वेगळी. नखं कापलेली, केस फडक्यात बांधलेले. चौदा वर्षांत कुणाचं पोट दुखलं अशी तक्रार आली नाही. म्हणूनच कदाचित आम्ही दोघंही निर्धास्त झालो होतो.

तात्या आचोळ्याला मुलाकडे राहायचे. रविवारी स्कूटरवरून वाडीची भाजी घ्यायला येत आणि पडवीत बसून दोन घास खाऊन जात. पंचाहत्तरी ठरली तेव्हा त्यांनी मुलाला, श्रीरंगला, बजावलं, "हॉटेलचं नको. रीटाबाईंच्या हातचं चिकन हवं."

मे महिन्याचे दिवस. साडेदहाला रस्सा तयार झाला. झाकण घट्ट लावून, वर गोणपाट गुंडाळून मला टेम्पोत चढवलं. जेवण एकला होतं. पण तात्यांची मुलगी चिपळूणहून यायची होती आणि हायवेवर टँकर उलटला होता. लेक आल्याशिवाय तात्या पानावर बसेनात. दोन वाजले, तीन वाजले. सोसायटीच्या हॉलमध्ये पंखे गरगरत होते, आणि मी कोपऱ्यात गोणपाटात बसून होतो. माझ्या पोटातली ऊब कढत राहिली नव्हती, गारही झाली नव्हती. कोमट. जंतूंना हवी असते नेमकी तेवढी.

पाचला मुलगी आली. रीटाबाईंनी झाकण काढलं, डाव तळापर्यंत घातला आणि त्यांचा हात थबकला.

"श्रीरंगभाऊ, एकदा उकळी आणते. अर्धा तास लागेल."

श्रीरंगने मागे पाहिलं. पानं मांडून झाली होती, लहान मुलं रडकुंडीला आली होती. "अहो, गरम आहे की. आता नका थांबवू. तात्यांना शुगर आहे, सकाळपासून उपाशी आहेत."

बाई क्षणभर उभ्या राहिल्या. मग वाढायला लागल्या.

तात्यांनी दोनदा मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. बावीस जणांना जुलाब आणि पोटात मुरडा. बाकीचे दोन दिवसांत सावरले. तात्यांच्या अंगातलं पाणी इतकं कमी झालं की मूत्रपिंडांवर ताण आला. सोळा दिवस ते दवाखान्यात होते. तिथल्या डॉक्टरांनी रीटाबाईंना समोर बसवून विचारलं, किती मोठं भांडं, किती तास, मध्ये गरम केलं का. एवढ्या मोठ्या भांड्यात मधलं अन्न तासन्‌तास कोमट राहतं आणि वास-चव काही बिघडत नाही, असं ते म्हणाले. बाईंनी घरी येऊन वॉल्टरना तसंच्या तसं सांगितलं. ते माझ्यासमोरच बोलत होते. कुणी माझ्याकडे बघितलं नाही.

तात्या घरी आले ते खाटेवरच. रीटाबाई भेटायला गेल्या, तेव्हा काय झालं ते त्यांनीच परत आल्यावर सांगितलं. तात्या हसले आणि म्हणाले, "चिकन झकास होतं हं." बाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. तिथे श्रीरंगची बायको मीरा होती.

"मला कळलं होतं," बाई म्हणाल्या. "डाव घातला तेव्हाच कळलं होतं."

मीरा ओटा पुसत राहिली. "मीही तीन वाजता झाकण उघडून बघितलं होतं. वाटलं, तुमचं काम, तुम्हाला ठाऊक असेल." मग म्हणाली, "तुम्ही ऐकायला नको होतं ह्यांचं."

"हो," बाई म्हणाल्या.

ऑक्टोबरात तात्या गेले. त्या आजारपणानेच गेले असं कुणी ठामपणे म्हणालं नाही. नाही असंही कुणी म्हणालं नाही.

बाईंनी बरेच महिने चूल पेटवली नाही. आता पुन्हा ऑर्डरी घेतात, पण रस्सा लहान टोपांत करतात. पंगत लांबली तर तो शेगडीवर कढत ठेवतात, नाहीतर लगेच पसरट परातींत काढून, निववून फ्रिजमध्ये ठेवतात आणि वाढण्याआधी खळखळून उकळी आणतात. कुणी घाई केली तरी त्याआधी वाढत नाहीत. मी पडवीत पालथा असतो.

मागच्या आठवड्यात शेजारच्या क्लाराबाई नातवाच्या बाप्तिस्म्यासाठी मला मागायला आल्या. रीटाबाईंनी मला घासून दिलं आणि म्हणाल्या, "शेगडीपण घेऊन जा."

"कशाला गं? दोन तासांचा तर प्रश्न."

तेव्हा रीटाबाई पायरीवर बसल्या आणि त्यांनी पहिल्यांदाच बाहेरच्या माणसाला तात्यांचं सगळं सांगितलं. हात थबकला होता, तेही. क्लाराबाई उठल्या. मला रिक्षात ठेवलं आणि शेगडी न्यायला परत आत आल्या.

तुमच्या घरातही माझ्यासारखं एखादं भांडं असेल. त्याच्या उबेवर विसंबू नका. आणि डाव हातात असताना मनात शंका आली, तर पंगत थांबवा. लोक रागावतील, रागावू द्या. त्या दिवशी मला बोलता आलं असतं तर मी एवढंच ओरडलो असतो.