जन्माचा दिवस शून्य

धाकट्या बहिणीला सातव्या महिन्यातच मुलगी झाली, आणि नातेवाइकांना एकदम आठवलं की थोरली बाळांच्या मेंदूवर संशोधन करते. तोवर तिच्या फेलोशिपचा विषय निघाला की माणसं चहाला उठत. आता ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, "ताई आहे ना, तिला सगळं कळतं."

ताईला कळत होतं ते उंदरांच्या पिल्लांचं. पिल्लाच्या मेंदूचा पातळ काप काचेवर घ्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायचा आणि रक्तवाहिन्यांना कुठे कुठे फाटे फुटलेत ते डोळ्यांत तेल घालून मोजायचं. दोन वर्षं ती हेच करत होती, खिडकी नसलेल्या एका खोलीत. शेजारच्या टेबलावरचा सहकारी कानाला हेडफोन लावून बसे. कित्येक दिवस संध्याकाळपर्यंत तिच्या तोंडून "जरा दार धरता का?" याखेरीज शब्द निघत नसे. माणूसघाणी नव्हती हो ती. बोलायला माणूसच नव्हतं.

बाळाच्या मेंदूत थोडा रक्तस्राव झाला होता. वेळेआधी आलेल्या बाळांच्या तिथल्या रक्तवाहिन्या फार नाजूक असतात, हे ताईनेच बहिणीला फोनवर समजावलं. आई गेल्यापासून दोघी एकमेकींच्याच होत्या. बहिणीचा नवरा बोटीवर, त्याचा फोन लागला तर लागला. इकडे प्रयोगशाळेत उंदरांना पिल्लं व्हायची वेळ आलेली, त्यामुळे ताईलाही निघता येत नव्हतं.

"नवव्या दिवशी सकाळी दहाला परत सोनोग्राफी आहे," बहीण म्हणाली. "वाढलंय की थांबलंय, ते तेव्हा कळणार. मला एकटीला ऐकवणार नाही गं. तू फोनवर राहशील?"

"राहीन. शब्द देते."

बाळ रविवारचं. ताईने बोटांवर मोजलं आणि कॅलेंडरवर मंगळवारला गोल केला. मंगळवारी दहाला पाच मिनिटं असताना तिने मोजणी अर्धवट सोडली, जिन्यात जाऊन बसली आणि फोन लावला.

"बोल ताई." बहिणीचा आवाज शांत होता, जरा जास्तच.

"आत नेलं का तिला?"

"काल नेलं होतं."

"काल? अगं, नववा दिवस आज..."

ती मध्येच थांबली. प्रयोगशाळेत पिल्लू जन्मतं तो दिवस शून्य धरतात आणि पहिला दिवस दुसऱ्या सकाळी उजाडतो. ही मोजदाद इतकी अंगवळणी पडली होती की भाचीचे दिवसही तिने तसेच मोजले. कुठल्याही आईने रविवार पहिला धरला असता. एवढी शिकलेली बाई, आणि तिला नऊपर्यंत मोजता आलं नाही.

"माझं चुकलं. पण तू फोन का नाही केलास?"

"नंबर काढला होता. मग वाटलं, कामात असशील."

पुढचं विचारायचा ताईला धीर होईना. तरी तिने विचारलं, "काय म्हणाले?"

"थांबलंय. आता घाबरायचं कारण नाही म्हणाले."

ताईच्या जिवात जीव आला. ती हसली, डोळे पुसले. पलीकडून मात्र कुणी हसलं नाही.

"बाहेर फरशी पुसणाऱ्या बाई होत्या," बहीण म्हणाली. "त्यांनाच सांगितलं. नावही माहीत नाही मला त्यांचं. हातातलं टाकून त्यांनी मला जवळ घेतलं. खूप रडले मी."

"आता मला सांग. पहिल्यापासून सगळं सांग."

"सांगून झालं गं, ताई," बहीण म्हणाली. "काल."