पाऊस पडेल, वाराही

दादाचं घर बंदराच्या भिंतीला लागून, ओळीतलं अगदी शेवटचं. त्याच्यापुढे भिंत आणि भिंतीपुढे पाणी. पुढची खोली म्हणजे त्याचं दुकान. तिथे जमिनीला बोल्टांनी जखडलेलं जाडजूड शिवणयंत्र, कोपऱ्यात ताडपत्र्यांच्या गुंडाळ्या आणि खुंट्यांवर मेण लावलेल्या दोऱ्याची रिळं. दादा पूर्वी शिडं शिवायचा. शिडांची गिऱ्हाइकं कमी झाली तशी तो ताडपत्र्या शिवायला लागला, होड्यांच्या, ट्रकांच्या, कुणी आणून देईल त्या. मागच्या खोलीत पलंग, शेगडी आणि वहिनीचा फोटो. एवढाच त्याचा संसार उरला होता.

हिवाळ्यात एकदा भरतीचं पाणी भिंत ओलांडून दाराखालून आत आलं. फार नाही, घोट्याएवढं. दादाने ते झाडूने बाहेर लोटलं आणि कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही. पण दाराचं लाकूड फुगलं, दार लागेनासं झालं आणि ते चिमीच्या नजरेतून सुटलं नाही.

चिमी ही दादाची मुलगी. केस पिकायला लागलेत तिचे, पण आम्हा दोघांच्या तोंडी चिमीच बसलंय. ती बंदराच्या कार्यालयात हवामानाच्या खोलीत काम करते. मुख्य कार्यालयाकडून वाऱ्याचे, लाटांचे, पावसाचे आकडे येतात, त्यांची ती साधी वाक्यं करते. ती वाक्यं फळ्यावर लागतात आणि भोंग्यावरून वाचली जातात. मच्छीमार ती उभ्या उभ्या ऐकतात आणि निघून जातात.

"बाबा, वसंत सुरू व्हायच्या आत माझ्याकडे राहायला या," चिमी म्हणाली. "हिवाळ्यापेक्षा वसंतातल्या लाटा वाईट, हे तुम्हीच मला शिकवलंत."

"तुझ्याकडे म्हणजे तिसऱ्या मजल्यावर," दादा म्हणाला.

"हो."

"आणि मशीन?"

"मशीन कसं येईल? जिन्यात मावायचं नाही. आणि माझ्या खालची बाई नुसती खुर्ची सरकवली तरी काठीने छत ठोकते."

"मग माझंही जमायचं नाही. मी आणि मशीन एकाच बोल्टाने आवळलेले आहोत."

मी तेव्हा ताडपत्रीच्या गुंडाळीवर पुस्तक घेऊन बसलो होतो. रोज संध्याकाळी मी तिथे जाऊन बसतो. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात माझा जन्म गेला. दादा मला पुस्तक्या म्हणतो, लहानपणापासून.

चिमीने बराच वेळ डोकेफोड केली. शेवटी दादा दोरा दातांनी तोडत म्हणाला, "असं कर. वसंताचा अंदाज येऊ दे. त्यात वारा येणार असं तुझ्या कार्यालयाने लिहून दिलं, तर मुकाट्याने येतो. नाही लिहिलं, तर पुन्हा हा विषय माझ्यासमोर काढायचा नाही. कबूल?"

"कबूल," चिमी म्हणाली. अंदाज तिच्याच हातून लिहिला जायचा होता, त्यामुळे ती खुशीत होती. "काका, तुम्ही साक्षीदार."

मी मान डोलावली. मान डोलवायला मला वेळ लागत नाही.

अंदाज आला त्या दुपारी मी दादाकडेच होतो. भोंगा आधी खरखरला, मग चिमीचा आवाज आला. घरात बोलताना ती भराभर बोलते. भोंग्यावर तिचा आवाज एखाद्या अनोळखी बाईचा वाटतो.

"वसंताचा अंदाज. पहिल्या पंधरवड्यात आकाश ढगाळ, लाटा मध्यम. दुसऱ्या पंधरवड्यात पाऊस पडेल, वाराही. समुद्र उसळता राहील. होड्या बांधून ठेवाव्यात."

दादाने मशीनचं चाक हाताने धरून थांबवलं. थोडा वेळ तो सुईकडे बघत राहिला. मग त्याने चाक सोडलं आणि टीप पुढे चालू केली.

संध्याकाळी चिमी एक मोठी रिकामी पिशवी घेऊन आली. आल्या आल्या तिने मागच्या खोलीत जाऊन दादाचे कपडे दोरीवरून काढायला सुरुवात केली.

"काय चाललंय?" दादाने विचारलं.

"ठरलं होतं ना बाबा? ऐकलंत ना अंदाज?"

"ऐकला की. वारा पडेल म्हणालीस."

चिमी शर्ट हातात धरून दारात आली. "मी कुठे म्हणाले वारा पडेल?"

"पाऊस पडेल, वाराही. म्हणजे काय? पाऊस पडेल आणि वाराही पडेल. वारा पडला म्हणजे काय होतं, हे शिडं शिवणाऱ्याला सांगतेस? वारा पडला की शिडं लोंबतात. नुसत्या उसळत्या समुद्राला मी भीत नाही. वारा असल्याशिवाय लाट भिंत चढत नाही."

"बाबा, चेष्टा पुरे."

"चेष्टा नाही. तुझंच वाक्य आहे."

चिमी खाली बसली. तिने मला सांगितलं, दादाला नाही, की मूळ वाक्य तिने नीट लिहिलं होतं, "पाऊस पडेल आणि जोराचा वारा सुटेल". ते फळ्यावर एका ओळीत मावेना. साहेब म्हणाले, आटप, लोकांना कळतं. तिने मग 'जोराचा' काढला, 'सुटेल' काढला, आणि 'वारा'ला 'ही' लावून टाकला. दर वर्षी ती असं आखूड करतेच, आजवर कुणाचं काही अडलं नव्हतं.

"मग 'सुटेल' कुठे गेला?" दादा म्हणाला. "तुझ्या साहेबांच्या खिशात?"

"सगळ्या बंदराला कळलं, तुम्हालाच तेवढं कळलं नाही?"

"आपल्यात भांडण नको. घरात एवढा मोठा जाणकार बसलाय. पुस्तक्या, तू सांग. छापखान्यात हे वाक्य तुझ्यासमोर आलं असतं तर तू काय अर्थ लावला असतास?"

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मला अर्थ माहीत होता. बंदरावरच्या कुत्र्यालाही माहीत असेल. तरीपण मी ते वाक्य मनात एकदा म्हटलं, मग पुन्हा म्हटलं. दोन नामांना एकच क्रियापद. दुसऱ्या नामापुढे काही नसेल तर पहिल्याचंच क्रियापद धरायचं, हा साधा नियम. त्या नियमाने दादाचं बरोबर होतं. आणि कुठलाही शहाणा माणूस तसं समजणार नाही, म्हणून चिमीचंही बरोबर होतं.

"म्हणजे तसं पाहिलं तर," मी म्हणालो, "व्याकरणाने दोन्ही अर्थ निघू शकतात. अर्थात संदर्भ बघितला तर..."

"झालं," दादा म्हणाला. "दोन्ही म्हणाला. दोन्ही म्हणजे नक्की लिहिलेलं नाही. आणि नक्की लिहिलं तर येईन, असं ठरलं होतं."

मी पुढचं वाक्य पूर्ण करायला तोंड उघडलं, पण त्याने मशीन सुरू केलं आणि त्या खडखडाटात माझा संदर्भ कुणाला ऐकू गेला नाही.

चिमीने शर्ट घडी करून पलंगावर ठेवला. जाताना ती दारात माझ्याजवळ थांबली. "काका, मी तुम्हाला व्याकरण नव्हतं विचारलं," ती हळू म्हणाली, आणि रिकामी पिशवी काखेत मारून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिने फळ्यावरचं वाक्य पुसून नीट लिहिलं, भोंग्यावरूनही पुन्हा वाचलं. दादा म्हणाला, पैज पहिल्या वाक्यावर होती.

पहिला पंधरवडा अंदाजाप्रमाणे गेला. आकाश मळकं, समुद्र राखाडी, भिंतीवर शेवाळ. दादाकडे होड्यांच्या ताडपत्र्यांचं काम साचलं होतं. मी रोज जायचो, पण पुस्तकात लक्ष लागत नव्हतं. घरी जाताना दादाला स्पष्ट सांगायचं, असं मी रोज ठरवायचो. काय सांगायचं तेही ठरलेलं होतं. दारापर्यंत गेलो की वाटायचं, आपण कोण सांगणार? एवढी वर्षं तो समुद्राशेजारी राहिला, आपण मुद्रितांशेजारी.

मग पाऊस सुरू झाला. तो सरळ पडत होता, दोरी सोडल्यासारखा. दादाने खिडकीतून हात बाहेर काढला आणि मला म्हणाला, "बघ. वारा आहे का कुठे? काय सुरेख वाक्य लिहिते पोरगी."

तिसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला. घरात माझ्या टेबलावरचे कागद उडाले तेव्हा मला ते कळलं. थोड्या वेळाने चिमीचा फोन आला. तिच्यामागे कार्यालयात माणसं ओरडून बोलत होती.

"काका, बाबा फोन उचलत नाहीत. मला इथून हलता येत नाही, भोंग्यावर सारख्या सूचना द्यायच्यात. तुम्ही जाल? पाणी उपसणाऱ्या पंपवाल्यांनाही सांगितलंय मी, पण ते आधी गोदामाकडे गेलेत."

मी गेलो. रस्त्यावर फेस आला होता, साबणासारखा, आणि वाऱ्याने तो भिंतींवर चिकटत होता. दादाचं दार उघडंच होतं. आत पाणी पोटरीपर्यंत. दादा गुडघ्यांवर बसून, पाण्यात हात घालून मशीनचे बोल्ट सोडवत होता. बाजूला त्याने दोन लाकडी फळ्या आणून ठेवल्या होत्या.

"आलास? इकडे ये," तो म्हणाला. "पुढचे दोन निघालेत. मागचे काढले की याला फळ्यांवर चढवू. मोटरला पाणी लागलं की संपलं."

"दादा, चल. चिमीने सांगितलंय."

"पाना धर. भाषण नंतर."

मी पाना धरला. भोंग्यावरून चिमी किनाऱ्यावरच्या लोकांना वर जायला सांगत होती, त्याच अनोळखी आवाजात, आणि वारा तिचे मधलेच शब्द उचलून नेत होता. तिसरा बोल्ट निघाला. दादाने यंत्राखाली हात घालून ते उचलून बघितलं.

तेवढ्यात लाट भिंतीवरून आली. तिचा आवाज नंतर आला, आधी दार उखडून आत आलं. दाराने ताडपत्र्यांच्या गुंडाळ्या ढकलल्या, गुंडाळ्यांनी मशीन ढकललं, आणि उरलेल्या एका बोल्टावर ते कलंडून दादाच्या उजव्या हातावर बसलं. दादा ओरडला नाही. तो एवढंच म्हणाला, "उचल." मी उचलायला लागलो. मशीन जागचं हललं नाही. माझ्याच्याने ते उचललं जाणार नव्हतं हे मला कळत होतं, तरी मी उचलत राहिलो. पंपवाले आले तेव्हा पाणी दादाच्या छातीशी होतं.

आता दादा चिमीकडे असतो. खिडकीजवळ खाट आहे. तिथून दोन इमारतींच्या फटीतून समुद्राची एक पट्टी दिसते, पण तो उशी उलट्या बाजूला घेऊन निजतो. हात कोपरापर्यंत बांधलेला आहे. डॉक्टर म्हणाले, चमचा धरता येईल. सुईबद्दल त्यांना कुणी विचारलं नाही.

मी संध्याकाळी तिकडेच जातो. काल चिमी कामावरून यायची होती, आम्ही दोघंच होतो.

"मला ते वाक्य कळलं नव्हतं असं वाटतं तुला?" दादा एकदम म्हणाला.

मी पुस्तक मिटलं.

"भोंग्यावर ऐकलं तेव्हाच कळलं. वाऱ्याचं मला कळणार नाही होय? म्हटलं, गेलं मशीन. मग तुझी आठवण झाली."

"माझी कशाला?"

"तुला विचारलं की तू दोन्ही म्हणणार. दुसऱ्या कुणाला विचारलं असतं तर त्याने खरं सांगितलं असतं." तो हसल्यासारखं करत होता. "तुझ्यावर राग नाही रे. तुझ्यामुळे वसंतात काम करायला मिळालं, आणखी थोडं."

चिमी आली. तिने ओली छत्री दारामागे उभी केली आणि पदराला हात पुसत खाटेशी बसली.

"बाबा, ते घर पाडणार आहेत, भिंत रुंद करायला. उद्या माणसं येतील. मशीनचं काय करायचं ते विचारतायत. एक मेकॅनिक म्हणतो, खोलून बघता येईल, पण सगळं गंजलंय, तो खात्री देत नाही. त्याच्या शेडमध्ये ठेवू म्हणतो थोडे दिवस."

दादा छताकडे बघत राहिला. "काकाला विचार," तो म्हणाला.

चिमी माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत मला ती रिकामी पिशवी दिसली. या खेपेला मी वाक्य मनात म्हणून पाहिलं नाही, नियम आठवले नाहीत.

"ते काही दुरुस्त व्हायचं नाही," मी म्हणालो. "भंगारात दे."

चिमीने मान हलवली आणि फोन करायला आतल्या खोलीत गेली. दादाने बांधलेला हात डाव्या हाताने उचलून पांघरुणाखाली घेतला.

"हे मात्र एका दमात बोललास, पुस्तक्या," तो म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून निजला.