दुसऱ्या पाळीचं गाणं

माझ्या सासूबाईंना गाण्याचं वावडं आहे, असं आमच्या घरात सगळे धरून चालले होते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्या आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हा बायकोनं मला बाजूला घेऊन बजावलं, "तुझ्या त्या रेकॉर्डी जरा हळू लावत जा. आईला सोसत नाही."

माझी पंचाईत अशी, की माझं पोटच त्या रेकॉर्डींवर चालतं. एका छोट्या रेडिओ केंद्रावर मी रविवारी सकाळी सोल आणि जॅझ संगीताचा कार्यक्रम करतो. नव्यानं निघालेल्या रेकॉर्डी वाजवायच्या, आणि मधूनमधून एखादी जुनी, कुणाला फारशी ठाऊक नसलेली. केंद्र म्हणजे टायरच्या दुकानावरची एक खोली. खाली हवा भरायचं यंत्र सुरू झालं की वर माइक बंद करावा लागतो. त्यामुळे ऐकायचं, पुसायचं, निवडायचं सगळं काम मी घरी जेवणाच्या टेबलावर करतो.

सासूबाईंची गंमत ही, की त्यांची सगळी नोकरी रेकॉर्डच्या कारखान्यात झाली. त्या तपासणीच्या खोलीत होत्या. साच्यातून निघालेल्या गठ्ठ्यातली एखादी तबकडी उचलायची, कानाला यंत्र लावायचं आणि कुठं टकटक येते, कुठं खरखरतं, कुठं सुई घसरते ते पकडायचं. "गाणं ऐकायचं नाही, खोट ऐकायची, असं पहिल्या दिवशीच सांगितलं होतं आम्हाला," त्या म्हणायच्या. "तेच केलं जन्मभर. आता नको वाटतं, जावईबापू." ते कान मात्र अजून शाबूत होते. माझ्या गाडीत बसल्या की काही वेळ गप्प बसायच्या आणि मग जाहीर करायच्या, "मागचं डावं चाक दाखवून घ्या."

एकदा भूगोल शिकवणाऱ्या एका श्रोत्यानं माझ्याकडे खोकं पाठवलं. त्याचे वडील वारले होते, घर रिकामं करायचं होतं. फोनवर म्हणाला, "बाबांच्या रेकॉर्डी आहेत. मला त्यातलं काही कळत नाही. तुमच्याकडे नांदतील."

बहुतेक रेकॉर्डी माझ्याकडे होत्याच. तळाशी मात्र साध्या तपकिरी पाकिटात एक छोटी तबकडी निघाली. पांढऱ्या लेबलवर टंकलेले दोनच शब्द: 'दुसरी पाळी'. गाणाऱ्याचं नाव नाही, कंपनीचं नाही. मी ती मऊ फडक्यानं पुसली आणि लावली.

आधी ड्रमचा ठेका, मग बेस, कुणी रमतगमत जिना उतरावं तसा. मागून सॅक्सोफोन. आणि मग एका बाईचा आवाज. काय सांगू, तो आवाज दार ठोठावून आलाच नाही, सरळ घरात शिरला आणि बसला. ध्रुवपदाला मागं टाळ्या होत्या. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण अंगावर असा काटा क्वचितच येतो.

सासूबाई खिडकीपाशी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या करत होत्या. गाणं संपलं तेव्हा त्यांच्या हातात उशीचा अभ्रा तसाच लोंबत होता.

"परत लावा," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, कुठंतरी खरखर सापडली. मी सुई परत ठेवली. टाळ्या आल्या तसं त्यांनी बोट वर केलं.

"ऐकलंत? एक टाळी सगळ्यांच्या मागून येतेय."

"हो, येतेय खरी."

"ती माझी."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. अभ्रा मांडीवर ठेवून त्या खुर्चीत टेकल्या आणि बोलायला लागल्या. माझ्या बायकोनंही यातलं अक्षर कधी ऐकलेलं नव्हतं.

ते सगळे कारखान्यातल्या दुसऱ्या पाळीचे लोक होते. बेस वाजवणारा तिथला इलेक्ट्रिशियन, ड्रमवर मालाची बांधाबांध करणारा, सॅक्सोफोनवर ट्रक ड्रायव्हर. आणि गाणारी होती लेबलं चिकटवणारी एक मुलगी. "चिमणी म्हणायचो तिला. एवढीशी, हाडकुळी. पण जेवणाच्या सुट्टीत तिनं तोंड उघडलं की लोकांचा घास हातातच राहायचा." मालकानं सुट्टीच्या दिवशी रेकॉर्डिंगला वरच्या मजल्यावरची खोली वापरू दिली. टाळ्या जिन्यात चांगल्या घुमतात म्हणून सगळ्या पोरींना जिन्यात उभं केलं. "मला ताल नाही, हे त्या दिवशी सगळ्या कारखान्याला कळलं," सासूबाई म्हणाल्या.

"मग पुढं काय झालं?"

"काय व्हायचं? रेकॉर्ड निघाली. त्याच सुमाराला कारखाना विकला गेला. कच्चा माल येईना, मोठ्या गायकांच्या ऑर्डरी तर अडलेल्या. मग ज्यांना कुणी वाली नाही अशा तबकड्या परत वितळवायला काढल्या. आमचीही गेली. त्या इलेक्ट्रिशियननं एखादी लपवली असेल, ती ही."

"आणि चिमणी?"

"ती नोकरी सोडून नवऱ्याबरोबर दुसऱ्या गावी गेली. मग मी घर बदललं, तिनं बदललं. राहून गेलं सगळं."

पुढच्या रविवारी मी ते गाणं लावलं. नव्या रेकॉर्डी बाजूला ठेवल्या आणि ही हकिगत जशी ऐकली तशी सांगितली. कुणाला या चिमणीबाई ठाऊक असतील तर कळवा, असंही म्हणालो. फोन पुष्कळ आले. एका गृहस्थांनी ही आपली मावशीच, असं छातीठोक सांगितलं, पण मावशी कधी कारखान्यात गेलेली नव्हती. एकीनं "मीच ती" म्हणून सांगितलं. आवाजावरून ती माझ्या धाकट्या बहिणीपेक्षाही लहान वाटली.

मग एका बाईंचा फोन आला. बोलायला जरा बिचकत होत्या.

"माझ्या सासऱ्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. ते सासूबाईंना चिमणी म्हणायचे. दुसरं कुणी नाही. सासूबाई रेकॉर्डच्या कारखान्यातही होत्या. पण मी विचारलं तर म्हणतात, अशी रेकॉर्ड कधी निघालीच नाही. आणि विषय काढू नकोस म्हणतात."

मी घरी येऊन सांगितलं. सासूबाईंनी पुढचं काही ऐकलंच नाही. त्या चपला शोधायला लागल्या.

चिमणीबाईंचं घर गावाच्या कडेला, पोहण्याच्या तलावाला लागून होतं. दार उघडलं तेव्हा मी क्षणभर गोंधळलोच. समोर चांगल्या उंच्यापुऱ्या, रुंद खांद्यांच्या बाई उभ्या. लग्नानंतर त्या पोहायला शिकवू लागल्या आणि शिकवता शिकवता अंगानं भरल्या, हे फोन करणाऱ्या त्यांच्या सूनबाईंनी नंतर सांगितलं. तलावाच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या पोराला हाक मारायला त्यांना कधी शिट्टी लागली नाही म्हणे.

दोघींनी एकमेकींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तू वाळलीस," चिमणीबाई म्हणाल्या.

"आणि तू माझं सगळं घेतलंस," सासूबाई म्हणाल्या.

मग गळाभेट झाली, चहा झाला, गुडघ्यांची चौकशी झाली, कोण आहे कोण गेलं ते झालं. मी बरोबर नेलेला रेकॉर्ड प्लेअर सूनबाईंनी कोपऱ्यातल्या मेजावर मांडून दिला. तो बघताच चिमणीबाईंचा चेहरा उतरला.

"ते नको," त्या म्हणाल्या. "उगाच कशाला?"

"अगं, तुझंच गाणं आहे."

"माहितीय. म्हणूनच नको. मी पगाराचं काही राहिलं होतं म्हणून परत आले होते कारखान्यात. मुकादमाला विचारलं, आमच्या रेकॉर्डचं काय झालं? तर म्हणाला, वितळवली. तुझ्या आवाजातच खोट निघाली, तपासणीत नापास झाली." त्या कपाकडे बघत बोलत होत्या. "मी मग नाही गायले कुठं. घरातसुद्धा नाही. मला वाटलं, तूच ऐकली असशील. तुझंच काम ते. आणि तू मैत्रीण म्हणून मला बोलली नसशील."

तलावावरून पोरांचा कालवा ऐकू येत होता.

सासूबाई अशा चिडलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. कप खाली ठेवला तो बशीवर वाजला.

"मुकादम कोण सांगणारा? त्या मेल्याला स्वतःच्या लग्नातली वाजंत्री ऐकू आली नसेल! हो, मीच ऐकली. अथपासून इतिपर्यंत ऐकली. टकटक नाही, खरखर नाही, काही नाही. मी स्वतः पास केली तुला. माल कमी पडला म्हणून वितळवल्या गं बाई. तुझीच नाही, डझनावारी लोकांच्या. तुझ्या आवाजात खोट? तुझ्या?"

सूनबाई उठून चिमणीबाईंच्या पाठीशी जाऊन उभ्या राहिल्या.

"खरं सांगतेस?" चिमणीबाईंनी विचारलं.

"माझ्या कानांची शपथ."

मग चिमणीबाईंनी स्वतःच माझ्याकडे बघून मान डोलावली. मी सुई ठेवली.

आवाज खोलीत भरला तसा त्यांनी हात तोंडावर घेतला. पहिलं कडवं होईपर्यंत रडल्या. दुसऱ्याला हसायला लागल्या. "केवढी घाई बघ मला! श्वास घ्यायलासुद्धा थांबत नाही कार्टी!" सूनबाई तर अवाक झाल्या होत्या. या घरात त्या सून होऊन आल्या त्याला पुष्कळ वर्षं झाली होती, आणि सासूला गुणगुणतानाही त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या डोळे मिटून बसल्या होत्या. कपाळावरची ती नेहमीची बारीक आठी, काहीतरी पकडायला टपलेली, गेली होती. गाणं संपल्यावर म्हणाल्या, "चांगलंय गं. तेव्हा मला कळलंच नव्हतं किती चांगलंय ते."

तबकडी तिथंच ठेवायची असं मी घरून निघतानाच ठरवलं होतं. चिमणीबाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि मला म्हणाल्या, "तुमच्या सासूबाईंना आणलंत, त्याचे उपकार कसे फेडू?" मी म्हटलं, उपकार कसले, खोकं पाठवणाऱ्याचे माना. त्या म्हणाल्या, "मानते. पण त्यांनी तबकडी दिली, तुम्ही ही दिलीत." आणि सासूबाईंचा दंड धरून हलवला.

त्यानंतर एका छोट्या कंपनीनं ते गाणं नव्यानं काढलं. पाकिटावर दुसऱ्या पाळीच्या सगळ्यांची नावं छापली, टाळ्या वाजवणाऱ्या पोरींचीसुद्धा. ती नवी रेकॉर्ड पहिल्यांदा ऐकायला, खोकं पाठवणारे भूगोलाचे सर आमच्या केंद्रावर आले. तो इलेक्ट्रिशियन म्हणजे आपले वडील, ते बेस वाजवायचे, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कळत होतं. सासूबाईंनी त्यांना शेजारी बसवून घेतलं आणि योग्य जागी हळूच म्हणाल्या, "आता ऐका. हे तुमचे बाबा." सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

चिमणीबाई आता एका जॅझ मंडळीबरोबर गातात. ती पोरं त्यांच्या नातवाच्या वयाची. आवाज खाली उतरलाय, जाड झालाय, पण पूर्वीची घाई नाही. त्यांची पहिली नवी रेकॉर्ड गेल्या महिन्यात निघाली. मी ती कार्यक्रमात 'नवीन आलेलं' म्हणून लावली, तेव्हा खाली टायरवाल्यानं हवेचं यंत्र आपण होऊन बंद ठेवलं. मी खिडकीतून हात केला, त्यानंही केला. घरी फोन लावला तर लागेना. कार्यक्रम संपून घरी पोचलो तरी दोघी मैत्रिणी फोनवरच होत्या, आणि सासूबाईंनी मला खुणेनं सांगितलं, जेवण झाकून ठेवलंय, तुम्ही घ्या वाढून.