सोप्यातलं मांजर

डाव्या हाताची बोटं अजून सांगितलेलं ऐकत नव्हती, म्हणून दादासोंनी तारेचं टोक दातात धरलं आणि सोप्याच्या खिडकीच्या जाळीला पडलेलं भोक उजव्या हाताने शिवायला घेतलं. फौजेत असताना तंबू शिवलेला माणूस, पण तार सारखी निसटत होती. प्रत्येक वेळी निसटली की ते मांजराला एक शिवी देत होते.

"एवढं काय त्या मांजराचं घेऊन बसलाय, भावजी?" कट्ट्यावर पान जुळवत बसलेल्या तानुबाईंनी विचारलं. त्या दादासोंच्या थोरल्या भावाच्या बायको. नवरा गेल्यापासून त्यांचा दिवस या कट्ट्यावरच उगवायचा आणि मावळायचा.

"रातचं येतंय, वैनी. पायाचा अंगठा वढतंय. दचकून उठलो की पसार."

"तुमचं घोरणं ऐकून मांजर आत येतंय व्हय? वाघ असता तरी गावच्या शिवंपतोर पळाला असता."

गल्लीला यात नवीन काही नव्हतं. दादासो सुभेदार होऊन निवृत्त झाले, गावी आले, आणि उसाच्या पाण्याच्या पाळ्यांइतकंच त्यांचं घोरणंही गल्लीच्या अंगवळणी पडलं. गडी कसा निवांत झोपतो बघा, असं लोक कौतुकाने म्हणत. ज्यांना झोप येत नसे ते जरा हेव्याने म्हणत.

दादासोंच्या बायको सुलाबाई उंबऱ्यात मेथी निवडत होत्या. मांजराचं नाव निघालं तसा त्यांचा हात चुकला; पानं खाली पडली आणि काड्या सुपात गेल्या.

"आन् गंमत ऐका," दादासो तार पिळत म्हणाले, "ही मेढ्याला माहेरी गेलती ना भाचीच्या लग्नाला, तवा आठवडाभर त्ये मांजर फिरकलं न्हाई. लय निवांत झोपलो. आन् एक दिवस सकाळी उठतोय तर त्वांड वाकडं."

ते स्वतःच हसले. तोंड आता सरळ झालं होतं; फक्त हसताना डावी बाजू थोडी मागे राहायची. अंगावरनं वारं गेलं होतं, पण थोडक्यात भागलं, असं सगळे म्हणत होते.

"हसताय काय!" तानुबाई म्हणाल्या. "आमचं मालक बघा. ह्याच सोप्यात, झोपंतच गेलं. कुणाला तरास न्हाई, कुणाकडनं पाणी मागितलं न्हाई. पुण्यवान माणूस."

हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं, की त्याला आता उत्तराची गरज उरली नव्हती. सुलाबाई सूप उचलून आत गेल्या.

या घराची, आणि तशी सगळ्या गल्लीचीच, एक रीत होती. सून घरात आली की सासऱ्याची कॉट सोप्यात यायची आणि सासूचं अंथरूण माजघरात जायचं. ही रीत कुणी घातली ते कुणालाच माहीत नव्हतं. पण पाळली जाते की नाही याची राखण तानुबाई करत. पलीकडच्या घरातल्या एका जोडप्याने सून आल्यावरही एकच खोली ठेवली, तर तानुबाईंनी त्यांना 'नवी जोडी' असं नाव दिलं. त्यातला नवरा वारला, बाई काठी टेकत चालू लागली, तरी गल्लीत ती अजून नवी जोडीच होती. मुलाचं, जयराजचं, लग्न झालं आणि मयूरी या घरात आली, तेव्हा सुलाबाईंनी आपलं अंथरूण कुणी सांगायच्या आधीच उचललं होतं. पुढे नात ऋचा झाली, ती आजीजवळ झोपू लागली, आणि रीत अधिकच पक्की झाली.

शनिवारी जयराज शिरवळच्या कंपनीतून सुट्टी घेऊन आला आणि आईवडिलांना गाडीत घालून सांगलीला निघाला. गाडी हमरस्त्याला लागेपर्यंत दादासोंची हनुवटी छातीवर टेकली होती.

"आबांना झोपेची कमी नाही," जयराज आरशात बघून म्हणाला. "बसलं की लागली."

मागच्या सीटवर सुलाबाई शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या छातीकडे बघत होत्या. घोरणं मध्येच तुटलं. त्यांनी पाय सरकवला आणि त्यांच्या पायाला हलकेच धक्का दिला. दादासो घशातून मोठा आवाज काढून हलले, आणि पुन्हा घोरू लागले.

"खड्डा होता का, आई?"

"व्हय," सुलाबाई म्हणाल्या. रस्ता सपाट होता.

मेंदूविकाराच्या डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण त्यांना घाई नव्हती. त्यांनी दादासोंना हात पुढे धरायला लावले, बोटं दाबायला लावली, रक्तदाब पाहिला. तो गोळ्या घेऊनही चढाच होता. मग त्यांनी पेन बाजूला ठेवलं.

"झोप कशी आहे?"

"एकदम फस्क्लास," दादासो खुर्चीत ताठ झाले. "बाई, आमी डूटीवर उभ्यानं झोपलोय. झोपंची कंप्लेंट न्हाई."

"सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटतं? डोकं जड होतं? दिवसा डुलकी लागते?"

"वय झालं की लागायचीच."

"घोरता?"

जयराज हसला. "गल्लीला विचारा, मॅडम."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "घोरताना मध्येच श्वास थांबतो का?"

"मला कसं कळंल? मी झोपल्याला असतोय की."

"बरोबर आहे. म्हणून जवळ झोपणाऱ्याला विचारावं लागतं. काही लोकांचा श्वास झोपेत पुन्हा पुन्हा अडतो. अंगातला प्राणवायू कमी होतो, रक्तदाब उसळतो, हृदयावर ताण येतो. वर्षानुवर्षं असं चाललं की झटक्याचा धोका वाढतो. आणि एक झटका येऊन गेलेल्या माणसाला हे परवडणारं नाही. यांच्याजवळ कोण झोपतं?"

जयराज म्हणाला, "जवळ कुणी नसतं. आबा सोप्यात एकटे, आई माजघरात."

"झोपेची एक तपासणी असते. यंत्र घरी देतो, रात्रभर अंगाला लावून झोपायचं."

"वायरी लावून?" दादासो म्हणाले. "ते काय जमायचं न्हाई. गोळ्या द्या, खातो. झोपंला हात लावू नका, तेवढं एकच धड हाय माझं."

डॉक्टरीणबाईंनी जयराजकडे पाहिलं. "श्वास थांबलेला कुणी पाहिला असता, तर मी यांचा नकार ऐकूनच घेतला नसता. पण यांची तयारीच नसेल तर सध्या गोळ्या चालू ठेवू. पुढच्या वेळी बघू." त्यांनी पुन्हा पेन उचललं.

सुलाबाईंनी पदर डोक्यावर ओढला, मग खांद्यावर घेतला, मग पुन्हा डोक्यावर ओढला. मुलगा शेजारीच बसला होता.

"थांबतोय," त्या म्हणाल्या.

"काय थांबतं, आई?" जयराजने विचारलं.

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. जमिनीकडे बघत त्यांनी स्वतःच श्वास ओढला, घशात घरघर केली, आणि एकदम गप्प झाल्या. छाती हलेना. खोलीत पंख्याचा आवाज मोठा झाला. जयराजचा हात नकळत आईच्या खांद्याकडे गेला. तेवढ्यात बुडणाऱ्या माणसाने वर येऊन घ्यावा तसा त्यांनी मोठा श्वास घेतला.

"असं," त्या म्हणाल्या. "सारखं. लय वेळ थांबलं तर मग मला दम निघत न्हाई."

"मग काय करता तुम्ही?"

"अंगठा वढते. पायाचा."

दादासोंची मान सावकाश बायकोकडे वळली. मांडीवरचा डावा हात उजव्या हाताने धरून बसले.

"मी माहेरी गेलते," सुलाबाईंचा आवाज आता आतून येत होता. "त्या आठवड्यातच ह्यास्नी..."

"तसं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही नव्हता म्हणून झटका आला, असा अर्थ नाही. हे फार आधीपासूनचं असतं. अंगठा ओढणं हा इलाजही नाही. पण आज तुम्ही बोललात, म्हणून इलाज सुरू होईल." मग दादासोंकडे वळून, "सुभेदारसाहेब, यंत्र आजच घेऊन जायचं. आणि ते रात्री नीट लागलंय ना, हे बघायला कुणीतरी जवळ हवं."

"व्हय," दादासो म्हणाले. तयारीचा प्रश्न पुन्हा निघाला नाही.

घरी पोचले तेव्हा ऊन उतरायचं होतं. तानुबाई कट्ट्यावर होत्याच. दादासो चपला न काढता खिडकीशी गेले आणि शिवलेली तार उलगडू लागले.

"आता का उसवताय? मांजर?"

"मांजर घरचंच निघालं, वैनी."

तानुबाईंना काही कळलं नाही. जयराजने यंत्राची पेटी कट्ट्यावर टेकवली आणि त्यांना सगळं सांगितलं: श्वास कसा अडतो, त्याने काय होतं, आईने करून काय दाखवलं. सांगताना तो आईकडे बघायचं टाळत होता, पण लपवलं त्याने काही नाही. स्वयंपाकघराच्या दारात मयूरी ऋचाला कडेवर घेऊन ऐकत होती.

सुलाबाई माजघरातून बाहेर आल्या. त्यांच्या काखेत स्वतःच्या अंथरुणाची वळकटी होती. ती कुठे न्यायची हे उघड होतं, आणि सोप्याचं दार कट्ट्यावरच उघडत असल्याने न्यायला वाट एकच होती: कट्ट्यावरून, तानुबाईंच्या समोरून. शेजारच्या दोन बाया नळावर थांबून बघत होत्या.

तानुबाईंनी तोंड उघडलं. सुलाबाई थांबल्या. 'नवी जोडी' हे नाव आता यायचं, म्हणून त्यांनी वळकटी छातीशी घट्ट धरली.

"सुला," तानुबाई म्हणाल्या. आवाज नेहमीचा नव्हता. "आमचं मालक बी लय घोरायचं."

"व्हय, आक्का."

"त्यांचं बी असं मदीच थांबायचं का गं?"

सुलाबाईंनी सोप्यातल्या कॉटकडे पाहिलं. थोरले याच कॉटवर झोपत. आणि त्या काळी तानुबाईंचं अंथरूण माजघरात, पार आतल्या भिंतीला असे.

तानुबाई उत्तरासाठी थांबल्या. मग त्यांनी पानाची चंची उचलली, पाय जवळ घेतले, आणि वळकटी जायला वाट करून दिली.