चपला सांभाळणारी

"तुमी दोघं भाऊ बसा पाळण्यात, मी खाली चपला सांभाळते."

कर्णपुऱ्याच्या जत्रेतला आईचा हा आवाज सूर्यभानच्या कानात अजून होता. म्हणून हर्सूलच्या घरात सिंगापूरचा बेत आखताना त्यानं थीम पार्कची तिकिटं तिघांचीच धरली. तो, बायको ज्ञानेश्वरी अन् लेक संस्कृती.

"आईला पाळण्याचं लई भ्याव, जत्रंत खाली चपला सांभाळत बसायची. ती हॉटेलात थांबंल, तेवढेच पैसे वाचतील."

"आजी, तिथं चपला घालूनच बसतात," संस्कृती हसली.

सुगंधाबाईंनी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली.

"भ्याव कुणाला होतं रे सूर्यभान? तवा पैसे तुमा दोघांपुरतेच असायचे. मलाबी बसायचं होतं. अजून बसायचंय."