घराखालची टाकी आणि शेजाऱ्याची बादली

मी एक जुनी, माशांची काचेची टाकी आहे. क्वीन्सलंडमध्ये ओढ्याकाठी खांबांवर उभं असलेलं एक लाकडी घर आहे, त्या घराच्या खाली माझा मुक्काम असतो. मला क्लेमने स्वतःच्या हातांनी जोडलं. माझा एक कोपरा जरा वाकडा आहे, पण मित्रांनो, इतक्या वर्षांत मी थेंब गळू दिलेला नाही! क्लेमची बायको बेरिल माझ्यात त्याच ओढ्यातले रंगीत मासे पाळायची. येणारा-जाणारा वाकून बघायचा आणि मी फुगून जायचे.

मग क्लेमने समोरचं झाड तोडलं. ऊन थेट अंगावर आलं आणि माझ्यात शेवाळ माजलं. मासे दिसेनात, तसं कुणी वाकेना. मला रडू यायचं. पण टाकीने रडून करायचं काय, पाण्यात पाणी!

शेवाळाच्या तोंडचा घास पळवणारी, भराभर वाढणारी वनस्पती हवी होती. शेजारचा डेस बादली घेऊन हजर झाला. आत पिसांसारखी मऊ, सुरेख पानं होती.

"माझ्या तळ्यातली आहे. चार काड्या टाक, बघता बघता रान होईल!"

"फुकट ना? टाक टाक!" क्लेम म्हणाला. खरं सांगते, मीही भाळले होते.

बेरिलने मात्र हात आडवा घातला. "आणि पावसाळ्यात? ओढा दरवर्षी घराखालून जातो, विसरलास?"

"अगं, एखादी काडी गेली वाहून तर काय आभाळ कोसळतंय?" डेस म्हणाला.

"तू तळ्यात किती टाकल्या होत्यास रे?"

डेसने मान खाजवली. "एकच."

"आणि आता होडी चालते तिथं?"

"कसली चालते! काठावर उलटी पडलीय."

ओढ्यातला बदकाच्या चोचीचा प्लॅटिपस म्हणजे बेरिलचा जीव की प्राण. ओढा असा गच्च झाला तर तो बिचारा पोहणार कुठे? तिने बादली उन्हात तापलेल्या फरशीवर रिकामी केली आणि पानांचा पार चुरा होऊ दिला. मग रोपवाटिकेतून या ओढ्यात मुळातच उगवणारं, फितीसारखं लांब गवत आणलं. तेही वाढायला काही कमी नव्हतं. शेवाळ हटलं, मासे झळकले आणि डेससुद्धा वाकून बघू लागला.

पावसाळ्यात ओढा आला. मासे आधीच वर न्हाणीघराच्या टबात गेले होते. क्लेमची आंघोळ बुडाली, त्याचं त्याला काडीचंही दुःख नव्हतं. पाणी माझ्या काठावरून आत शिरलं आणि गवत मुळांसकट ओढून घेऊन गेलं. माझ्यात नुसतं गढूळ पाणी उरलं. पाणी ओसरल्यावर डेस चिखल तुडवत आला.

"गेलं की गं सगळं तुझं!"

बेरिल खळखळून हसली. "जाऊ दे रे! माहेरीच गेलंय ते."

मित्रांनो, तुमच्या टाकीत भराभर वाढणारं काही लावाल, तेव्हा आधी एवढंच विचारा: हे निसटलं तर कुठे जाईल? आणि तिथे जाऊन ते घरचं होऊन राहील, की घरच बळकावेल? बेरिलने विचारलं होतं, म्हणून ती त्या दिवशी हसू शकली.