दडीचा घास

मित्रांनो, मी एक जुना लाकडी चमचा आहे. माणसांमध्ये ‘चमचा’ म्हटले की लोक हसतात, हे मला ठाऊक आहे. पण मी कधी कुणाच्या पुढेपुढे केले नाही. एका सुताराने उरलेल्या फळीतून मला कोरले, चांगला लांब दांडा दिला, आणि शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या हाती सोपवले. बरीच वर्षे मी त्यांच्या पातेल्यांत फिरलो. घरात माझे कौतुक होई. मग एकदा शेगडीजवळ राहून माझी कड जळाली आणि मी फडताळात मागे पडलो. तिथे कुणी माझी चौकशी केली नाही.

पुढे बाई बुजऱ्या मांजरांना सांभाळू लागल्या. प्राण्यांच्या निवाऱ्यातून अशी मांजरे त्यांच्याकडे येत, माणसांना सरावत आणि मग कायमच्या घरी जात. एकदा एक करडी मांजरी आली. आली ती थेट शिवणयंत्रामागे शिरली. हात दिसला की फिस्कारायची. बाईंच्या यजमानांनी तिचे नाव ठेवले दडी. निवाऱ्यातल्या ताईंनी बजावले होते, “ही माणसाळली नाही, तर हिला कुणी नेणार नाही. जन्मभर पिंजऱ्यातच राहील बिचारी.”

तेव्हा बाईंना माझी आठवण झाली. माझ्या टोकावर मऊ खाऊ ठेवून त्या जमिनीवर बसत आणि तोंड दुसरीकडे फिरवून मला पुढे सरकवत. आधी दडीने मला पंजे मारले. मग कधीतरी चाटले. बाईंची मूठ दांड्यावरून हळूहळू पुढे येऊ लागली.

अशात घड्याळे दुरुस्त करणारे एक गृहस्थ दडीला बघायला आले. ती काही बाहेर येईना. यजमानांचा धीर सुटला. “अहो, असं तर वर्ष जाईल!” म्हणत त्यांनी तिला मानगुटीला धरून ओढले. दडीने त्यांचा हात ओरबाडला आणि ती पुन्हा यंत्रामागे पळाली. सगळ्या मेहनतीवर पाणी पडले.

“झालं समाधान?” बाई एवढेच म्हणाल्या.

यजमान ओशाळले. “मला वाटलं, पाहुणे हात हलवत परत जातील.”

“मला कुठं घाई आहे?” घड्याळवाले म्हणाले. “आमच्या धंद्यात घाई केली की काटे मोडतात. तो चमचा द्या बघू इकडे.”

मग ते येतच राहिले. मला हातात धरून बसत आणि आपल्या गिऱ्हाइकांच्या गमती भिंतीला सांगत. यंत्रामागे दोन कान टवकारलेले दिसत. एका दुपारी त्यांनी मला बाजूला ठेवले आणि खाऊ स्वतःच्या बोटांवर घेतला. दडी पुढे आली, थबकली. मान लांब करून तिने ती बोटे चाटली आणि त्यांच्या मनगटावर डोके घासले. दारात यजमान श्वास रोखून उभे होते.

दडी घड्याळवाल्यांच्या घरी गेली तेव्हा तिची टोपली यजमानांनीच उचलून दिली. “न्या हो,” ते म्हणाले, “पण ओढू नका हं तिला!” बाईंना हसू आवरेना.

मित्रांनो, भ्यालेल्या जिवाला ओढून बाहेर काढू नका. जरा लांब बसा, त्याला येऊ द्या. आणि तो आला, की मधला चमचा बाजूला ठेवा. मला त्याचे वाईट वाटत नाही.